खडे दिले, पिशवी टाकली

पित्ताशयाचे खडे लोक घरात कुठं ठेवतात, हे मावळात इतकी वर्षं सर्जरी करून मला पाठ झालं आहे. टीव्हीच्या शेजारी ठेवतात. शोकेसमध्ये, नातवाच्या ट्रॉफ्यांच्या रांगेत ठेवतात. वडगावच्या कोर्टातला एक कारकून ते टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचा आणि तारखेला आलेल्या पक्षकारांना काढून दाखवायचा. इंदुरी गावच्या एका आजींनी तर देव्हाऱ्यात ठेवले होते, रोज हळदकुंकू वाहून. मी म्हटलं, "आजी, अहो घाण आहे ती." तर म्हणाल्या, "आसंना का, माज्याच पोटची हाय." मी चहा पिऊन आले.

संपादकांना डॉक्टरांचे गमतीदार अनुभव हवे आहेत. गंमत वर सांगून झाली. पुढं लिहिलंय ते गमतीचं नाही. छापायचं तर छापा, नाहीतर त्या जागी चिक्कीची जाहिरात टाका.

मी सर्जन. लोणावळ्यात रेल्वे क्वार्टरच्या मागच्या आमच्या बौद्ध वस्तीत वाढले. वडील रेल्वेत फिटर. शिकून आल्यावर तळेगावात प्रॅक्टिस केली, लोणावळ्यालाही जाऊन ऑपरेशनं केली. पहिली काही वर्षं पेशंट मला बघून विचारायचे, "डॉक्टर कधी येणार?" मी सांगायचे, "आलेत. सदरा काढा." आता ऑपरेशनं थांबवली आहेत, पण दवाखान्यात बसते. हात थांबले तरी तोंड थांबत नाही, असं माझ्या सिस्टर म्हणतात, आणि ते खरं आहे.

ज्यांना आमचं काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. लिव्हरच्या खाली लहान वांग्याएवढी एक पिशवी असते. लिव्हरमध्ये तयार होणारं पित्त तिच्यात साठतं. तिच्यात खडे झाले, दुखायला लागलं, की ती काढून टाकायची. तिच्यावाचून माणसाचं काही अडत नाही. पूर्वी त्यासाठी बरगडीखाली लांबलचक चिरा घ्यावा लागायचा. आता दुर्बिणीनं करतात. लोक त्याला लेसरचं ऑपरेशन म्हणतात, लेसरचा काडीचा संबंध नाही. पोटाला चार भोकं पाडायची, आत हवा भरून पोट फुगवायचं, बेंबीच्या भोकातून कॅमेरा घालायचा आणि टीव्हीच्या पडद्याकडे बघत लांब दांड्यांच्या चिमट्या-कात्र्यांनी काम करायचं. पिशवीची नळी आणि रक्तवाहिनी क्लिपा लावून बंद करायची, पिशवी लिव्हरपासून सोडवायची आणि बेंबीतून बाहेर ओढायची. माणूस एक-दोन दिवसांत घरी. फार चांगलं ऑपरेशन आहे. मी आवडीनं केलं.

पण या पिशवीत कधीकधी कॅन्सरची गाठ होते. क्वचित होते, पण होते, आणि खड्यांच्या आडोशाला गुपचूप वाढते. गाठ पिशवीच्या आतल्या अस्तरापुरती असली तर पिशवी निघाली की सुटलात. ती अस्तर ओलांडून पुढं गेली असेल तर लिव्हरची कड आणि आजूबाजूच्या रसग्रंथीही काढाव्या लागतात. किती पुढं गेलीय ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. लॅबमध्ये पिशवीच्या पातळ चकत्या करून भिंगाखाली बघितल्यावर कळतं. म्हणून काढलेली प्रत्येक पिशवी लॅबला पाठवायची असते. आणि गाठीचा नुसता संशय जरी असला तरी ती उघडी बाहेर ओढायची नाही. पोटातच प्लास्टिकच्या थैलीत घालायची, तोंड आवळायचं आणि मग काढायची. थैली नसली तर आम्ही रबरी हातमोज्याची बोटं बांधून त्याची थैली करतो. जुगाड आहे, पण चालतो. फाटक्या पोत्यातून भाताचं बी नेलं तर वाटेवर काय उगवतं, हे मावळात कुणाला शिकवावं लागत नाही.

आता अडचण अशी, की नातेवाइकांना पिशवीशी काही देणंघेणं नसतं. त्यांना खडे हवे असतात. कारण विश्वास नसतो. पूर्वी पोटावर लांब टाका दिसायचा, तोच पुरावा होता. भोकांमुळे तो पुरावा गेला. "भोकं पाडली खरी, पर आतलं काडलं का न्हाई कुनाला ठावं?" मग डॉक्टर ऑपरेशन संपवून ट्रे घेऊन थिएटरच्या दारात येतो. सगळ्यांसमोर कात्रीनं पिशवी चिरतो, खडे धुतो आणि बाटलीत घालून देतो. बारशाला बाळ बघावं तसे लोक खडे बघतात, मोबाईलवर फोटो काढतात, गावी पाठवतात. पिशवी बादलीत जाते. आमच्याकडं याला नुसतं 'दाखवणं' म्हणतात. "दाखवलं का?" "दाखवलं." झालं, सगळ्यांचा जीव भांड्यात.

मी दाखवायची, पण पिशवी चिरायची नाही. अख्खी औषधाच्या पाण्यात घालून लॅबला पाठवायची. त्यावरून किती भांडणं झाली म्हणून सांगू! तळेगावचे एक निवृत्त गणिताचे मास्तर होते, आपण त्यांना नुसतं सर म्हणू. भुलीतून पुरते बाहेरही आले नव्हते तोवर त्यांनी विचारलं, "माझे खडे कुठायत?"

"लॅबला गेले, सर."

"कुणाच्या परवानगीनं? माझ्या शरीरातला ऐवज आहे तो, डॉक्टर. मी काही तुम्हाला दान केलेला नाही."

संध्याकाळपर्यंत निम्म्या तळेगावाला कळलं होतं, की बाई खडे लंपास करते. पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आला. पिशवीच्या भिंतीत गाठ होती. अस्तर ओलांडलं होतं, पण अगदी थोडंसं. पुण्याच्या एका तरुण सर्जननं सरांचं दुसरं ऑपरेशन केलं, तेही दुर्बिणीनंच. लिव्हरची कड त्यानं उकडलेल्या बटाट्याचं साल काढावं तशी सोडवली. कॅमेरा मी धरला होता, म्हणजे मदतनिसाचं काम. इतकी वर्षं काढून कॅमेरा धरायला मिळाला याचा मला अभिमान वाटला, लाज नाही. सर आज ठणठणीत आहेत. तळ्याकाठी फिरायला येतात, मी दिसले की काठी उगारून म्हणतात, "ते खडे शेवटपर्यंत दिले नाहीत तुम्ही."

सरांना सुचतं तेवढं भांडू देते मी. भांडायला ते आहेत, हेच पुष्कळ.

कमल नाही.

कमल माझी लहानपणची मैत्रीण. एका नळावर पाणी भरलं आम्ही. ती मला वंदे म्हणायची, मी तिला कमळे. मी कॉलेजात गेले आणि ती लग्न होऊन गेली. पुढं नवरा-बायको मळवलीला एका मुंबईच्या शेठच्या बंगल्यावर केअरटेकर झाले. नवऱ्याचं नाव दौलत, मी दाजी म्हणते. तो बाग आणि पंप बघायचा, ती पाहुण्यांचं रांधायची. बंगल्यामागच्या खोलीत दोघं राहायची, पंधरा-वीस वर्षं तरी. कमलच्या हातची कोंबडी खायला लोक गाड्या काढून यायचे. तिला कुणी चांगलं म्हटलं की ती लगेच म्हणायची, "आमच्या वंदीला सांगा, ती म्हनती तेल कमी घाल."

होळीच्या सुमाराला ती पोट धरून आली. तेलकट खाल्लं की दुखतं, वर्षानुवर्षं सोडा पिऊन ढकललेलं. सोनोग्राफी केली. खडे होते. पण पिशवीची भिंत एका जागी जाड होती आणि तिथं एक उंचवटा होता. पेशंटनं कूस बदलली की खडा घरंगळतो. हा उंचवटा तिथंच. मी तिला दोनदा कूस बदलायला लावली.

"काय गं, लोळवती काय मला?" ती म्हणाली.

मी तिला सरळ सांगितलं. खडे आहेत, पण ही एक जागा मला आवडत नाही. पुण्याला जाऊन सीटी स्कॅन करू. गाठ नसली तर दुर्बिणीनं मीच पिशवी काढते. गाठ असली तर पुण्यालाच करू, दुर्बिणीनं जमेल तेवढं, नाहीतर पोट उघडून.

"म्हंजी पोट फाडायचं?"

"कदाचित. आत्ताच कसं सांगू?"

"आन मंग किती बसायचं?"

"पोट उघडलं तर दीड-दोन महिने जड काही उचलायचं नाही."

तिनं सोनोग्राफीच्या कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, "शेठ लय चांगला हाय बग. त्यो आदीच म्हनलाय, कमलबाई, तब्येत बरी नसंल तर खुशाल दोन म्हैने घरी जा, मी दुसरी बाई बघतो." तिनं माझ्याकडं बघितलं. "घरी म्हंजी कुटं, वंदे? घर त्येच हाय आमचं."

मी म्हटलं, शेठशी मी बोलते. ती म्हणाली, नको, तू बोललीस तर त्याला वाटंल लय मोटं दुखणं हाय. पुढच्या सोमवारी पुण्याला जायचं ठरलं. सोमवारी ती आली नाही. फोन केला तर दाजी म्हणाले पाहुणे आहेत, पुढच्या आठवड्यात बघू. मग पुढच्या. मग फोनच उचलेनात.

बुद्धपौर्णिमेला लोणावळ्याच्या विहारात गाठ पडली. वंदना झाली होती, अंगणात खिरीचे द्रोण फिरत होते. कमल नव्या निळ्या साडीत बायकांच्या घोळक्यात बसलेली. मला बघताच तिनं पर्स उघडली आणि औषधाची एक छोटी बाटली काढून सगळ्यांसमोर हलवली. आत खडे. खुळखुळ वाजले.

"बघ, वंदे! तू माजं पोट फाडाय निगालतीस. चार भोकात काम झालं! तिसऱ्या दिशी भाकऱ्या थापल्या मी."

बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, "मॅडम लय घाबरवत्यात बया." मीही हसायला हवं होतं बहुतेक. मी विचारलं, "पिशवी कुठं आहे?"

"कसली पिशवी?"

"ज्यात हे खडे होते ती."

"ती काय करायचीय? टाकली त्यांनी."

दौलतदाजी मोठ्या कौतुकानं सांगायला लागले. "मला दारात बोलावून दाखवली की, ताई. ट्रेमधी. डॉक्टरनं सोता कातरीनं कापली, खडे धुवून दिले. लय चांगला मानूस. आईतवारी शहरातनं येतो."

"लॅबला पाठवली नाही?"

"त्यांनी इचारलं व्हतं, तपासायची का. म्या म्हनलं, आता काडून टाकली, तर तपासून काय करायची? खडे द्या म्हंजी झालं."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती मी त्या अंगणात खिरीचा द्रोण हातात धरून अनुभवली. "आणि माझी सोनोग्राफी? ती दाखवली होतीस त्याला?"

कमल खाली बघून पदर नीट करायला लागली. "ती कशाला दाखवू? त्यानंबी पोट फाडायचंच म्हनलं असतं. तितं दुसरी काडली, नवी."

त्या सर्जनला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. तरुण मुलगा, अदबीनं बोलला. म्हणाला, "मॅडम, वॉल जरा जाड वाटली होती, पण इतक्या वर्षांचं दुखणं म्हटल्यावर जाड असतेच ना? सोनोग्राफीत नुसते खडे लिहिले होते."

"थैलीत घालून काढली?"

"नाही मॅडम, साधी केस होती. खडे मोठे होते, बेंबीतून ओढताना पिशवी थोडी फाटली. आम्ही पोट धुतलं व्यवस्थित."

"आणि लॅबला का नाही पाठवली?"

"नातेवाईक नको म्हणाले. दारातच उघडून दाखवली. सगळे खूश होते, मॅडम."

सगळे खूश होते! मी त्याला जे बोलले ते या अंकात छापण्यासारखं नाही. त्यानं ऐकून घेतलं. हुशार हात होता त्याचा, चारी भोकांचे व्रण मी पुढं बघितले, सुबक होते. पण पेशंट आणि दाजी एका बाजूनं दडवतात, हा दुसऱ्या बाजूनं टाकून देतो, आणि मधल्यामधे पिशवी बादलीत. आता ती गाठ होती की नव्हती, होती तर कुठवर गेली होती, हे जगात कुणालाही सांगता येणार नव्हतं. माझ्या सोनोग्राफीत एक न हलणारा उंचवटा, एवढंच काय ते उरलं.

एकच मार्ग होता. लगेच सीटी स्कॅन, आणि तिथं काही दिसलं किंवा शंका आली तर पुण्याला नेऊन लिव्हरची कड काढणं. त्यासाठी कमलनं ऐकायला हवं. आणि कमलकडं आता बाटली होती. ती बाटली तिच्या खोलीत बुद्धमूर्तीच्या शेजारी ठेवली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची, की आमच्या वंदीनं काय सांगितलं आणि झालं काय. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. शहरातून रविवारी येणारा देवमाणूस, आणि नळावर पाणी भरलेली वंदी काय, उगाच भीती घालते.

पावसाळ्यात एका शनिवारी मी मळवलीला गेले. स्टेशनापासून चिखल तुडवत. बंगला पाहुण्यांनी भरलेला, गाणी लागलेली. कमल स्वयंपाकघरात घाण्यामागून घाणा कांदाभजी तळत होती.

"चल," मी म्हटलं. "सोमवारी मी गाडी पाठवते. नुसता स्कॅन. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"वंदे, मला काय बी हुत न्हाई. दुखत न्हाई, खुपत न्हाई."

"ते दुखत नाही म्हणूनच सांगतेय."

"दुखलं तरी तुजंच खरं, न्हाई दुखलं तरी तुजंच खरं! मैतरीन हायेस का वैरीन?"

बाहेरून कुणीतरी हाक मारली, "मावशी, भजी!" तिनं ताट भरलं. मी ताट तिच्या हातातून काढून ओट्यावर आपटलं आणि ओरडले. तुझ्या पोटात काय पेरलं गेलंय हे तुला माहीत नाही, मलाही नाही, आणि ते बघायला तुला अर्धा दिवस मिळत नाही, असं बरंच काही. गाणी थांबली. पाहुणे दारात येऊन बघायला लागले. कमलनं भजी गोळा केली, ताट परत भरलं आणि मला इतकंच म्हणाली, "हळू बोल. शेठला फोन करतील ती."

ओरडायला नको होतं, असं माझी भावजय आजही म्हणते. मला तसं वाटत नाही. परत तसा प्रसंग आला तर परत ओरडेन. दाजींनी मला स्टेशनापर्यंत सोडलं, वाटेत शब्द दिला की घेऊन येतो. पालथ्या घड्यावर पाणी. सीझन होता.

दसऱ्याच्या आसपास ती आपण होऊन आली. बेंबीत गाठ आली होती. आधी ऑपरेशन झालं त्या नर्सिंग होममध्ये दाखवून आलेली. तिथं कुणीतरी टाक्याची गाठ म्हणून मलम दिलं होतं. मी हात लावला. सुपारीसारखी कडक, आणि हलेना. ज्या भोकातून पिशवी ओढली, त्याच भोकात. सुईनं तपासणीपुरता तुकडा घेतला. या वेळी लॅबला मी स्वतः घेऊन गेले. कॅन्सरच निघाला.

पुण्याच्या डॉक्टरांनी स्कॅन बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "पिशवीचा रिपोर्ट?" दाजींनी खिशातून बाटली काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी खड्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मान फिरवली.

स्कॅनमध्ये लिव्हरजवळ एक ठिपका होता, बेंबीत ही गाठ, बाकी नक्की काही दिसत नव्हतं. एवढंच असेल तर मोठं ऑपरेशन करून बघता आलं असतं. पण स्कॅनला बारीक दाणे दिसत नाहीत. म्हणून आधी दुर्बीण घालून आत बघायचं ठरलं. कमल म्हणाली, वंदी बघणार असेल तरच. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, बघा तुम्ही, काही आशा असली तर आम्ही आहोतच. तळेगावला, माझ्या नेहमीच्या थिएटरमध्ये, मी तिच्या पोटात कॅमेरा घातला.

पडदा उजळला. मी हजारदा बघितलेला देखावा. लिव्हर, आतडी, पोटाचं चकचकीत अस्तर. आणि त्या अस्तरावर सगळीकडं, लिव्हरवर, आतड्यांवर, थेट ओटीपोटापर्यंत, साबुदाणा सांडल्यासारखे पांढरे दाणे. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई माझ्यासोबत वीस वर्षं होत्या. त्यांनी पडद्याकडं बघितलं आणि मॉनिटरचा आवाज उगाचच कमी केला. मी एक दाणा तपासणीला घेतला, हवा सोडली आणि दोन टाके घातले. एवढं सोपं ऑपरेशन मी आयुष्यात केलं नव्हतं.

दुर्बिणीचं हेही एक काम असतं, लोकांना ठाऊक नसतं. आत बघायचं, आणि हात लावण्यात अर्थ नसेल तर गुमान परत यायचं, म्हणजे उगाच पोट फाडलं जात नाही. पोट फाडतील म्हणून कमल माझ्यापासून पळाली होती. शेवटी तिचं पोट मी फाडलं नाही.

थिएटरच्या दारात दाजी उभे होते. हातात मधाची रिकामी बाटली, लेबल खरवडून काढलेलं, उकळून, कोरडी करून आणलेली.

"ताई, ही चालंल का? का मोटी पायजेल?"

मी रिकाम्या हातानं बाहेर आले होते. इतक्या वर्षांत त्या दारातून कधी रिकाम्या हातानं आले नव्हते. मी बाटली त्यांच्याकडून घेतली, त्यांना बाकावर बसवलं आणि सांगितलं.

"म्हंजी काडलं न्हाई?"

"नाही, दाजी. काढण्यासारखं राहिलं नाही."

ते माझ्या हातातल्या बाटलीकडं बघत राहिले. "मीच म्हनलं, तपासून काय करायचं," ते म्हणाले. मी नाही म्हणाले नाही. हो पण म्हणाले नाही.

कमल भुलीतून अर्धवट जागी झाली, तेव्हा पहिलं वाक्य होतं, "पोट न्हाई ना फाडलं?"

"नाही."

"ब्येस झालं. शनवारी पावनं हायेत."

दुसऱ्या दिवशी ती पुरती शुद्धीत होती, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. दाजी नको म्हणत होते, पण कमळीला फसवणं मला जमलं नसतं. तिनं ऐकून घेतलं. मग माझा हात ओढून तिच्या बेंबीवरच्या पट्टीवर ठेवला.

"तू बंगल्यावर ओरडलीस तवा मला वाटलं, वंदीला डॉक्टरकीचा माज आलाय."

"मग?"

"माज असता तर मळवलीच्या चिखलात कशाला आली असतीस?" आणि मग, "लय उशिरा कळलं बग."

मला रडू आलं, पण खरं सांगायचं तर राग जास्त आला. तिचा, दाजींचा, त्या तरुण सर्जनचा, खड्यांचा. तो अजून गेलेला नाही. किमोथेरपी झाली, थोडे महिने मिळाले. त्यातले बरेचसे शनिवार-रविवार तिनं पाहुण्यांना जेवू घातलं. पुढच्या बुद्धपौर्णिमेला ती नव्हती.

शेठ खरंच चांगला माणूस. तो मयताला आला, रडला. मग महिन्याभरात नवं जोडपं ठेवलं, कारण बंगला कुणीतरी बघायला हवा. खोली रिकामी करून दाजी भाच्याकडं राहायला निघाले, तेव्हा वाटेत माझ्या दवाखान्यात आले. पिशवीतून खड्यांची बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"समदं सामान हललं, ताई. हे कुटं ठिऊ कळंना. टाकवंना बी."

मी ती ठेवून घेतली. टेबलावर, अगदी पुढ्यात. मला वाटलं होतं, लोक विचारतील, मी सांगेन, निदान चार जणांच्या डोक्यात प्रकाश पडेल.

लोक विचारतात की. रोज विचारतात. गेल्या सोमवारी कामशेतचा एक जण आला. पित्ताचे खडे, पुण्याला ऑपरेशन ठरलेलं, माझा सल्ला घ्यायला आलेला. मी त्याला कमलची सगळी गोष्ट सांगितली, नाव न घेता. पिशवी लॅबला पाठवा, चिरून मागू नका, कुणी टाकू लागलं तर भांडा, असं सगळं. तो मन लावून ऐकत होता, मान हलवत होता. माझं बोलून झालं तशी त्यानं बाटली उचलली, उजेडात धरली, कानाजवळ नेऊन हलवली.

"लय मोठे निघाले की, मॅडम," तो म्हणाला. "आमचे पण असे देतील ना?"

मी त्याच्या हातातून बाटली काढून घेतली.